‘म्हणजे… आपलं ते…’ : भरीचे शब्द काय काम करतात?

तोंडी परीक्षेत प्रश्न विचारला आहे, ‘ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातले पाणी कुठे जाते?’ पहिला मुलगा सांगतो, ‘म्हणजे… अं… ते पाणी ना, आपलं ते… वाफ होऊन हवेत जातं.’ दुसरी मुलगी सांगते, ‘ॲक्च्युअली ते पाणी, लाईक, बेसिकली वाफ होऊन हवेत जातं.’ तिसरा मुलगा पुस्तकातले वाक्य एका दमात म्हणून मोकळा होतो. आता गुण द्यायचे आहेत. आपण शिक्षक मंडळी प्रामाणिकपणे विचार केला, तर असे दिसते की तिसऱ्याला आपण पूर्ण गुण देऊ, दुसरी आपल्याला ‘चटपटीत’ वाटेल आणि पहिल्याच्या नावापुढे ‘अडखळतो’ असा शेरा पडेल. तिघांच्या उत्तरातले विज्ञान मात्र अगदी सारखे आहे. फरक आहे तो फक्त मधल्या भरीच्या शब्दांचा.

हे भरीचे शब्द म्हणजे नेमके काय, ते का येतात, ऐकणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो की त्रास, आणि पिढीगणिक ते बदलतात ते कसे, याचा विचार या लेखात करायचा आहे. शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत भाषाशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी यावर बरेच प्रयोग केले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष वर्गात उपयोगी पडण्याजोगे आहेत.

विषय आपल्याकडे नवा नाही. यास्काचार्यांनी ‘निरुक्ता’त निपातांचे, म्हणजे ज्यांची रूपे बदलत नाहीत अशा छोट्या शब्दांचे, प्रकार सांगितले. त्यातला एक प्रकार केवळ पद पुरे करण्यासाठी येणाऱ्या निपातांचा आहे. आपल्या शालेय व्याकरणातही केवलप्रयोगी अव्ययांच्या प्रकरणाच्या शेवटी ‘पालुपदे’ किंवा ‘पादपूरणार्थक’ अव्यये येतात, ‘बरं का’, ‘जळलं मेलं’ यांसारखी. त्यांच्या शेजारीच ‘व्यर्थ उद्गारवाची’ असा आणखी एक गट असतो, त्यात ‘म्हणे’, ‘बापडा’, ‘आपला’ हे शब्द दिलेले असतात. हा ‘व्यर्थ’ शब्द आम्हाला मान्य नाही. ‘उद्या शाळेला सुट्टी आहे’ आणि ‘उद्या शाळेला सुट्टी आहे म्हणे’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्या वाक्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर आहे. दुसऱ्यात तो सांगतो आहे की, मी हे कुणाकडून तरी ऐकले, खात्री तुम्ही करून घ्या. एका दोन अक्षरी शब्दाने माहितीचा स्रोत सांगितला. विज्ञानाच्या शिक्षकाने तर या शब्दाचे कौतुक करायला हवे! पाहिलेले आणि ऐकलेले यांतला फरक करायला आपण मुलांना वर्षभर शिकवत असतो.

प्रथम हे पाहू की बोलताना माणूस अडखळतो का. बोलणे आपल्याला इतके सोपे वाटते की त्यामागची धावपळ लक्षात येत नाही. काय सांगायचे ते ठरवायचे, त्यासाठी हजारो शब्दांच्या साठ्यातून शब्द निवडायचे, लिंग-वचन-काळ जुळवायचे, मग जीभ-ओठ-कंठ यांना हुकूम सोडायचे आणि हे सारे चालू असताना स्वतःचे बोलणे ऐकून चूक झाली तर ती सुधारायची. विलेम लेव्हेल्ट या डच मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सगळ्या पायऱ्या तपशीलवार मांडल्या. नुसते एखाद्या वस्तूचे चित्र दाखवून त्याचे नाव सांगायला लावले, तरी चित्र दिसल्यापासून तोंडातून पहिला आवाज निघेपर्यंत प्रौढ माणसाला सुमारे ०.६ सेकंद लागतात.

आता दुसरी मोजणी पाहा. दोन माणसे गप्पा मारतात तेव्हा एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याचे सुरू व्हायला किती वेळ जातो? तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधले संवाद तपासले. भाषाभाषांत थोडा फरक निघाला, पण सरासरी अंतर ०.२ सेकंदाच्या आसपास आढळले. म्हणजे एका शब्दाची तयारी करायला ०.६ सेकंद लागत असताना आपण ०.२ सेकंदात उत्तर देतो! याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपली तयारी सुरू झालेली असते. ती वेळेत पुरी झाली नाही तर पंचाईत होते. गप्प राहावे तर समोरच्याला वाटेल, याला बोलायचे नाही किंवा याला पटलेले नाही. मग बोलण्याची पाळी आपल्याकडे राखून ठेवण्यासाठी तोंडातून ‘अं…’, ‘म्हणजे…’, ‘काय आहे की…’ असे काहीतरी निघते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोघांनी २००२ साली इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजीत अडखळण्याचे दोन आवाज आहेत, एक नुसता ‘अ’ आणि दुसरा ओठ मिटून संपणारा ‘अम्’. त्यांना असे आढळले की ‘अ’नंतरचा खंड सहसा छोटा असतो आणि ‘अम्’नंतरचा मोठा. म्हणजे बोलणारा नकळत ऐकणाऱ्याला सूचना देतो, ‘जरासा थांब’ किंवा ‘बराच थांब’. या आवाजांना ‘शब्द’ म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी ऐकणारा या सूचनेचा उपयोग करतो, हे प्रयोगांत दिसले आहे.

यातला एक प्रयोग आम्हाला फार आवडला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २०११ साली लहान मुलांना पडद्यावर एका वेळी दोन वस्तू दाखवल्या, एक ओळखीची आणि एक कधी न पाहिलेली, नवे नाव असलेली. मग आवाज येई, ‘बघ तो… अं…’. नाव यायच्या आधीच, साधारण दोन वर्षांची आणि त्यापुढची मुले अनोळखी वस्तूकडे पाहू लागत. त्याहून लहान मुले तसे करत नसत. त्या मुलांना कुणी शिकवले नव्हते की माणूस अडखळतो तो अवघड किंवा नव्या शब्दापाशी. पण घरातल्या मोठ्यांचे बोलणे ऐकून त्यांनी हा नियम शोधून काढला होता. एडिंबरो विद्यापीठातल्या २००७ सालच्या प्रयोगात असे दिसले की ज्या शब्दाआधी वक्ता अडखळला, तो शब्द ऐकणाऱ्यांना नंतर अधिक चांगला ओळखता आला. आणखी एका प्रयोगात गोष्ट सांगताना मधे भरीचे आवाज घातले, तेव्हा ऐकणाऱ्यांना कथेतले मुद्दे जास्त आठवले. त्याच जागी तेवढाच लांब खोकला घातला तेव्हा मात्र काही फायदा झाला नाही. नुसत्या वेळेमुळे फायदा झाला असता तर खोकल्यानेही झाला असता.

शिक्षकांविषयीचाही एक अभ्यास आहे. स्टॅनली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत किती वेळा ‘अं’ येतो ते मोजले. विज्ञानाच्या वर्गांत तो सर्वांत कमी होता, समाजशास्त्रांच्या वर्गांत त्याहून जास्त आणि साहित्य-कला या विषयांत सर्वांत जास्त. विज्ञानाचे प्राध्यापक जात्याच सफाईदार बोलणारे असतात काय? तसे नाही. त्याच मंडळींना एका समान, साध्या विषयावर बोलते केले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. संशोधकांनी दिलेले कारण असे की विज्ञानात एका गोष्टीला बहुधा एकच ठरलेला शब्द असतो. ‘घनता’ म्हणजे घनता, तिथे निवड नाही. एखाद्या कवितेविषयी बोलताना मात्र दहा शब्द समोर उभे राहतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. जितके पर्याय जास्त, तितके अडखळणे जास्त. तेव्हा आमच्या सुरुवातीच्या उदाहरणातला तिसरा, पाठांतर करणारा मुलगा अडखळला नाही याचे कारण स्पष्टच आहे. त्याच्यापुढे पर्याय नव्हताच. पहिला मुलगा शब्द शोधत होता, म्हणजे तो विचार करत होता.

आता हे शब्द बदलतात कसे, ते पाहू. त्यासाठी नवी मुंबईतले घणसोली गाव चांगले आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधे भातशेती, मिठागरे, मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी लोक, असे हे जुने गाव. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येऊ लागले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, त्यांत हेही आले. १९९२ साली महानगरपालिका झाली, २००४ साली ठाण्याहून येणारी लोकल सुरू झाली. गावठाणाच्या अवतीभवती सेक्टर उभे राहिले, सातारा-सांगलीकडच्या माथाडी कामगारांच्या वसाहती झाल्या, रेल्वेमार्गाच्या आसपास काचेच्या कचेऱ्या आल्या. त्यामुळे येथे एका चौरस मैलात आगरी बोली, घाटावरची मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा सगळ्यांचे भरीचे शब्द ऐकू येतात. भाषेच्या अभ्यासकाने दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.

गावठाणातल्या वयस्क बाईच्या बोलण्यात ‘गो’ आणि ‘रं’ यांची सतत पेरणी असते. ‘काय सांगू गो’, ‘मना म्हाईत नाय रं’. ही संबोधने आहेत हे खरे, पण दर वाक्याला समोरच्याला हाक मारायची गरज नसते. त्यांचे काम ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याचे आहे. माथाडी वसाहतीत सातारकडचा माणूस हेच काम ‘की’ आणि ‘बगा’ यांच्याकडून करून घेतो : ‘येतो की’, ‘आसं हाय बगा’. यातल्या ‘की’ला स्वतंत्र अर्थ विचाराल तर सांगता यायचा नाही, पण तो काढला तर वाक्य तुटक, जवळजवळ उद्धट वाटते. पुस्तकी मराठीत वाढलेला माणूस तिथे ‘ना’ आणि ‘बरं का’ वापरतो. त्याच घरांतल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुली ‘लाईक’, ‘आय मीन’, ‘ॲक्च्युअली’ म्हणतात, आणि त्याही आजीशी बोलताना पुन्हा ‘गो’वर येतात. एकच व्यक्ती दिवसात दोन-तीन संच वापरते आणि कुठे कुठला चालेल हे तिला न शिकवता कळते.

या सगळ्यांत सर्वांत जास्त राबणारा मराठी शब्द म्हणजे ‘म्हणजे’. तो अर्थ सांगतो (‘वारू म्हणजे घोडा’), चूक दुरुस्त करतो (‘मंगळवारी, म्हणजे बुधवारी ये’), बोलण्याची धार कमी करतो (‘म्हणजे, तसं काही वाईट नाही’), उत्तराची सुरुवात करून देतो आणि काहीच सुचेनासे झाले की जागाही धरून ठेवतो. मुळात तो ‘म्हणणे’ या क्रियापदापासून झाला आहे. आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे हीच गोष्ट दिसते. कन्नडमधला ‘अंदरे’ आणि तेलुगूमधला ‘अंटे’ हे शब्दही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून झाले आहेत, ‘असे म्हटले तर’ अशी त्यांची घडण आहे, आणि तेही आपल्या ‘म्हणजे’सारखेच अर्थ सांगायला आणि वेळ काढायला दोन्हीकडे उपयोगी पडतात. हिंदीत हे काम ‘मतलब’ करतो.

दुसरे कुटुंब ‘हे’, ‘ते’, ‘आपलं ते’ यांचे. नाव आठवत नाही तेव्हा आपण बोट दाखवतो आणि वस्तू समोर नसेल तर शब्दाने बोट दाखवतो. ‘ते हे आण ना, ते… त्याचं… पक्कड!’ मराठीने तर यावरून क्रियापदही तयार केले आहे, ‘जरा ते हे कर’. आश्चर्य असे की ज्यांचा आपल्या भाषेशी काडीचा संबंध नाही, त्या भाषांनीही हीच युक्ती काढली. जपानी माणूस अडखळला की ‘आनो’ म्हणतो, त्याचा मूळ अर्थ ‘तो, तिकडचा’. स्पॅनिश बोलणारे अनेक जण ‘एस्ते’ म्हणजे ‘हा’ म्हणतात. चिनी माणूस ‘नेगे’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘ते’. या चिनी शब्दावरून २०२० साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मोठा गदारोळ झाला. भरीच्या शब्दांविषयीच शिकवताना एका प्राध्यापकाने तो उदाहरण म्हणून उच्चारला आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या एका अपशब्दासारखा तो ऐकू आल्याची तक्रार विद्यार्थ्यांनी केली. प्राध्यापकांना त्या अभ्यासक्रमावरून बाजूला केले गेले. पुढे चौकशीत त्यांनी नियमभंग केला नसल्याचे ठरले. दुसऱ्याचा भरीचा शब्द आपल्या कानाने ऐकला की असे होते.

मग घणसोलीच्या तरुण मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्द कसे शिरले? शिक्षणामुळे, नोकरीमुळे, दूरदर्शन-मोबाइलमुळे, ही उत्तरे बरोबर आहेत, पण अपुरी आहेत. यंत्रांची आणि वस्तूंची नावे उसनी घ्यावी लागतात हे समजते. ‘म्हणजे’ घरात असताना ‘आय मीन’ कशासाठी? दोन भाषा बोलणाऱ्या समाजांचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ यारोन मात्रास यांनी दाखवले आहे की ‘पण’, ‘तर’, ‘म्हणजे’ असे बोलण्याला वळण देणारे शब्द फार सहज उसने घेतले जातात. माणूस दोन भाषांत बोलत असतो तेव्हा मजकुराकडे त्याचे लक्ष असते. संभाषण चालवणारे हे छोटे शब्द सवयीने येतात आणि ज्या भाषेचे वजन जास्त, तिचे शब्द नकळत दोन्हीकडे वापरले जाऊ लागतात. आपल्या इतिहासातही हे घडले आहे. फारसी राजभाषा होती तेव्हा ‘शिवाय’, ‘बाकी’, ‘बिलकुल’ हे शब्द मराठीत आले. शिवकालात राज्यव्यवहारकोश करून कारभारातल्या फारसी नावांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, पण ‘शिवाय’ला मराठीतून कुणी हलवू शकले नाही. आज तो परका आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

देवघेव एकतर्फी नाही, हे आपण विसरतो. मराठी माणूस इंग्रजी बोलू लागला की तो आपले भरीचे शब्द इंग्रजीत नेतो. ‘यू आर कमिंग, ना?’ यातला ‘ना’ तर सरळ उचललेला आहे. ‘टुडे ओन्ली आय केम’ यातला ‘ओन्ली’ हा आपल्या ‘आजच’मधला ‘च’ आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘मीन्स…’ म्हणून थांबणारा मुलगा ‘म्हणजे’ म्हणतो आहे. इंग्लंडमधल्या माणसाला हे खटकेल, पण भारतीय इंग्रजीचे हे नियमित रूप आहे, आणि ते नोंदवण्याचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली छापल्या गेलेल्या भारतीय इंग्रजी मजकुरातून सुमारे दहा लाख शब्दांचा नमुनासंग्रह तयार केला. १९८६ साली तो अभ्यासकांना खुला झाला आणि ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने जगभर ओळखला जातो. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीचे असेच संग्रह आधी झाले होते, त्यांच्याशी तुलना करता यावी म्हणून त्याची रचना तशीच ठेवली होती. पण छापील मजकुरात ‘ना’ आणि ‘मीन्स’ कुठून सापडणार? छापताना माणूस ते गाळतो. पुढे इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय नमुनासंग्रहाच्या योजनेत भारताचा विभाग याच विद्यापीठाच्या सहभागाने तयार झाला. त्या योजनेत दहा लाखांपैकी सुमारे सहा लाख शब्द प्रत्यक्ष बोलण्यातले, ध्वनिमुद्रण करून अक्षरशः उतरवलेले असतात. वर्ग, गप्पा, दूरध्वनी, न्यायालय, सारे त्यात येते. भारतीय माणूस इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘ना’ आणि ‘नो’ कसा वापरतो, यावरचे अभ्यास अशा संग्रहामुळेच शक्य झाले.

खुद्द इंग्रजांच्या घरीही हे शब्द स्थिर नाहीत. ‘लाईक’ हा शब्द दुसऱ्याचे बोलणे सांगताना वापरण्याची पद्धत (‘आणि तो लाईक, मी नाही येणार!’) अभ्यासकांनी १९८२ साली अमेरिकेत प्रथम नोंदवली आणि एका पिढीत ती जगभर पसरली. ‘अ’ आणि ‘अम्’ या आवाजांतही बदल चालू आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियातल्या काही भाषांत ‘अम्’चे प्रमाण ‘अ’च्या तुलनेत वाढत असल्याचे आणि त्यात स्त्रिया व तरुण पुढे असल्याचे दिसले. भाषेतले इतर बदलही बहुधा असेच तरुण मुलींपासून सुरू होतात. म्हातारी मंडळी त्यांना नावे ठेवतात आणि वीस वर्षांनी स्वतः तेच बोलू लागतात. २०१८ साली गूगल कंपनीने माणसासारखे फोनवर बोलणारे यंत्र दाखवले, तेव्हा ते खरे वाटावे म्हणून त्याला मुद्दाम ‘अं’ आणि ‘हं’ म्हणायला शिकवलेले होते. जे मुलांच्या बोलण्यातून काढण्यासाठी आपण धडपडतो, ते यंत्रात घालण्यासाठी अभियंते धडपडत होते!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘आपलं ते’ आणि ‘ॲक्च्युअली’ यांचे काम एकच असेल, तर एकाला गावंढळ आणि दुसऱ्याला हुशार का म्हणायचे? याचे उत्तर भाषाविज्ञानात नाही, ते समाजातल्या उतरंडीत आहे. मुलाखत घेणारा ‘बेसिकली’ दहा वेळा ऐकून घेतो, पण ‘आरं’ एकदा निसटला तर त्याच्या भुवया वर जातात. घणसोलीसारख्या गावात याला आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या जमिनींवर शहर उभे राहिले, त्यांच्याच नातवंडांना त्या शहरातल्या काचेच्या कचेरीत स्वतःची बोली लपवून बसावे लागते. मूल हे फार लवकर ओळखते. आपल्या ‘आरं’ला हसतात असे एकदा कळले की ते ‘आरं’ बोलणे सोडत नाही, ते वर्गात बोलणेच सोडते. अशा गप्प बसलेल्या मुलांना ‘याला काही येत नाही’ म्हणून बाजूला टाकले जाते.

येथे वर्गात आजपासून करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली आणि १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी अवघा एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरांची लांबी कित्येक पटींनी वाढली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि ज्यांना ‘मंद’ समजले जात होते ती मुलेही बोलू लागली. उत्तर संपल्यावरही तेवढेच थांबले, तर मूल पुढे आणखी काही सांगते, असेही त्यांना आढळले. भरीच्या शब्दांच्या भाषेत सांगायचे तर, तीन सेकंद थांबणारे शिक्षक मुलाची जागा स्वतःच राखून ठेवतात, मग त्याला ‘म्हणजे… म्हणजे…’ करत ती धरून ठेवावी लागत नाही. तीन सेकंद थोडे वाटतात. वर्गात उभे राहून मनात मोजून पाहा, ते फार लांब आहेत.

भरीचे शब्द हवे तितके वापरावेत असे आमचे म्हणणे नाही. भाषणात दर चार शब्दांनी ‘काय आहे की’ आले तर श्रोते विषय सोडून तेच मोजू लागतात, हा सर्वांचा अनुभव आहे. त्यावर उपाय तयारीचा आणि सावकाश बोलण्याचा. टोकण्याने तो दोष जात नाही, कारण टोकलेला माणूस स्वतःच्या शब्दांवर पहारा ठेवू लागतो आणि अधिकच अडखळतो. तोतरेपणा मात्र वेगळा. त्यात मूल ‘म्हणजे’ म्हणत नाही, ते ‘प-प-पाणी’ असा आवाज पुन्हा पुन्हा काढते, अक्षर ताणते किंवा तोंड उघडूनही आवाज फुटत नाही, चेहऱ्यावर ताण दिसतो. असे दिसले तर पालकांशी बोलून वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

आठवी-नववीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास स्वतः करता येईल. घरातल्या तीन पिढ्यांच्या व्यक्तींशी, त्यांची परवानगी घेऊन, पाच-पाच मिनिटे गप्पा माराव्यात. विषय एकच ठेवावा, उदाहरणार्थ ‘पूर्वी पाऊस सुरू झाला की आपल्याकडे काय काय होत असे’. नातवंडांना ‘यंदा’चे विचारावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते अक्षरशः उतरवावे, ‘अं’सुद्धा गाळू नये. पाच मिनिटांचे बोलणे उतरवायला तासभर सहज लागतो, कारण आपला कान भरीचे शब्द आपोआप गाळत असतो आणि त्याला ते ऐकायला लावणे हेच यातले अवघड काम आहे. मग प्रत्येक भरीच्या शब्दापुढे चार गोष्टी लिहाव्यात : तो वाक्यात कुठे आला, त्यानंतर किती थांबणे झाले, त्यानंतरचा शब्द नेहमीचा होता की अवघड, आणि तो शब्द काढून वाक्य वाचले तर काय बिघडते. चौथ्या रकान्यात ‘काही नाही’ असे किती वेळा लिहावे लागले ते शेवटी मोजावे. स्वतःच्या शिक्षकांचा एक तास याच पद्धतीने उतरवायची मुभा विद्यार्थ्यांना द्यावी. ध्वनिमुद्रणे काम झाल्यावर पुसून टाकावीत आणि वहीत कुणाचे नाव न लिहिता फक्त वय व गाव लिहावे.